१० ऑगस्टचा ठिपका : ठाण्याच्या गच्चीवरून मायक्रोलेन्सिंग (प्रकल्प नोंदी)

३० मार्च २०२५, रविवार, पाडवा

श्रीखंडाची झोप चढायच्या आत लिहून ठेवतो, नाहीतर काम अर्ध्यावर आलं की हेतूच बदलतो.

ओगल-२००५-बीएलजी-३९० हा मायक्रोलेन्सिंगचा वीस वर्षं जुना प्रसंग घेतलाय. एक मंद तारा दुसऱ्या, खूप मागच्या ताऱ्याच्या जवळपास समोरून सरकला. पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा प्रकाश वळून आपल्याकडे एकवटला, मागचा तारा काही दिवस उजळला आणि परत होता तसा झाला. उजेड उतरत असताना रेषेवर एक छोटा उंचवटा आला. तो पुढच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा. जानेवारी २००६ मध्ये ग्रह जाहीर झाला. वजन पृथ्वीच्या साधारण साडेपाच पट, अंतर वीस हजार प्रकाशवर्षांच्या पलीकडे.

दोन गोष्टी करायच्यात. ओगलची (वॉर्सा विद्यापीठाचा प्रकल्प, दुर्बीण चिलीत लास काम्पानासला) मोजमापं कुणालाही उतरवून घेता येतात, त्यातून तो ग्रह स्वतःच्या हाताने काढून बघायचा. आणि वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवरून तोच तारा रोज पहाटे मोजायचा, म्हणजे एवढा उंचवटा आपल्या सामानाला कळला असता का ते ठरेल.

ग्रह आता दिसणार नाही, ते दोन तारे पुन्हा एका रेषेत यायचे नाहीत. "मग बघणार काय?" असं घरात तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं.

सामान: ८ इंची न्यूटोनियन दुर्बीण (फोकल लांबी १००० मिमी, जुनी घेतलेली), मोटरचा इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या चालीने दुर्बीण फिरवणारं बूड), मोनो म्हणजे कृष्णधवल कॅमेरा. हे सगळं आधीचंच. नवीन खर्च फक्त लाल फिल्टरचा, ६,४०० रुपये. घरी ४,००० सांगितलेत.

६ एप्रिल, रविवार

ताऱ्याचा पत्ता (आकाशातले रेखांश आणि अक्षांश): विषुवांश १७ तास ५४ मिनिटं १९ सेकंद, क्रांती उणे ३० अंश २२ मिनिटं. वृश्चिक राशीत, धनूच्या अगदी सीमेला लागून. धनूतली किटली ओळखता येत असेल तर तिच्या चोचीचा तारा, अल-नस्ल, जवळजवळ याच क्रांतीवर आहे. म्हणजे चोचीवर दुर्बीण लावायची, क्रांतीचा स्क्रू आवळायचा आणि फक्त पश्चिमेला अडीच अंश सरकायचं. कागदावर फार सोपं दिसतं.

ठाण्याहून हा भाग मध्यमंडलावर (तारा सगळ्यात उंच चढतो ती उत्तर-दक्षिण रेषा) ४० अंश वर येतो. लंडनकडच्या लोकांना तो क्षितिजावर जेमतेम डोकावताना दिसतो, त्या मानाने आपली चैन आहे. फक्त आमची दक्षिण म्हणजे वागळे इस्टेट, मुलुंड आणि त्यामागे अख्खी मुंबई, तेव्हा तेवढ्या उंचीलाही आकाश पांढुरकंच.

१२-१३ ला पौर्णिमा. त्याआधी काही करण्यात अर्थ नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

पहाटे अडीचला गच्चीवर. तिपाईच्या पायांसाठी मार्चमध्ये ऑइल पेंटने तीन खुणा केल्या होत्या. माउंट ध्रुवाशी एकदा नीट जुळवला की पुढच्या वेळी तिपाई त्याच खुणांवर ठेवायची, अर्धा तास वाचतो. खुणांवर प्लास्टिक अंथरून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या, चार कोपऱ्यांना चार विटा. एप्रिलात गच्चीवर पहिला हक्क वाळवणाचा, त्यात आपण बोलायचं नसतं. दुर्बीण टाकीच्या बाजूला लावली, जुळवणी पहिल्यापासून.

तारा सापडला नाही. छायाचित्रात शेकडो तारे, सगळे सारखे. दीड तास नकाशा आणि पडदा ताडून पाहिला. शेवटी लक्षात आलं की न्यूटोनियनचं चित्र उलटं असतं, पण आरशातल्यासारखं नसतं. मी नकाशा आरशासारखा उलटवून छापला होता. कागद नुसता १८० अंशांत फिरवायचा होता.

त्यातून धडा घेऊन प्लेट सॉल्व्हिंगचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. तारे ओळखून ते स्वतःच सांगतं, दुर्बीण कुठे बघतेय ते. दहा वर्षं मी याला 'आळशी लोकांची सोय' म्हणत आलो.

२६ आणि २७ एप्रिल, शनिवार-रविवार

अमावास्येच्या रात्री, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या. तारा चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मध्यमंडलावर येतो, पाचला उजाडायला लागतं. म्हणजे खरी कामाची वेळ तीन ते पाच.

दोन्ही पहाटे सव्वाचारपर्यंतची छायाचित्रं स्वच्छ. सव्वाचारनंतर प्रत्येक तारा शेंगदाण्यासारखा लांबट. एक मिनिटाचं एक्स्पोझर, साठापैकी पंचवीस फुकट.

२८ ते ३० एप्रिल

माउंटचा दोष धरून तीन दिवस त्याच्यामागे घालवले. वर्म गिअर उघडला, ग्रीस बदललं, तोल पुन्हा साधला. कारणच कळत नव्हतं, कारण दोष यंत्रात असता तर वेळ पाळला नसता.

तेच सूत्र धरायला हवं होतं. बुधवारी पहाटे कॅमेरा न लावता नुसता टाकीला टेकून बसलो. सव्वाचारला खाली पंप सुरू झाला, वर टाकीत पाणी पडायला लागलं आणि पाठीला गुदगुल्या व्हाव्यात तशी भिंत थरथरली. टाकीजवळ दुर्बीण मीच लावली होती, कुरडयांमुळे.

वॉचमनदादांना भेटलो. "पाच वाजता लावला तर चालेल का?" म्हणाले, "चालेल, पण पाचव्या मजल्यावरचे साडेपाचला आंघोळीला जातात, पाणी नाही आलं तर माझ्या नावाने शिमगा." शेवटी चार पन्नास ठरलं. काकूंनीही कुरडया दुसऱ्या कोपऱ्यात हलवल्या, वर एक पिशवीभर दिल्या. दुर्बीण परत खुणांवर.

अमावास्येच्या तीन पहाटा गेल्या त्या गेल्याच.

१ ते ५ मे

सलग पाच पहाटा. रोज साधारण ऐंशी छायाचित्रं, दहा-दहा एकत्र करून एक मोजमाप. दव नाही, वारा थोडा. डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष काढायला झाकण लावून आणि सारख्या उजेडात घेतलेली छायाचित्रं) रोज घेतले. फ्लॅटसाठी दुर्बिणीच्या तोंडावर जुना पांढरा बनियन ताणून पहाटेच्या उजेडात, तो ताणायला रबरबँड हवा, दोरी सुटते.

पहिल्यांदा आकडे मांडले तेव्हा न बदलणाऱ्या ताऱ्याचे आकडे ०.११ प्रतीने विखुरलेले (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा उजळ). शिवाय विखुरण्यालाही उतार: तीनला तारा एका बाजूला, पाचला दुसऱ्या. दोन चुका निघाल्या.

तुलनेसाठी मी सगळ्यात ठळक तारा घेतला होता, उजळ म्हणजे भरवशाचा असं समजून. त्याचे मधले पिक्सेल भरून वाहत होते. भरलेलं भांडं कितीही ओतलं तरी तेवढंच दाखवतं.

दुसरी चूक रंगाची. आपला तारा राक्षसी तारा, त्यात मधल्या धुळीतून येताना आणखी लालसर झालेला. मी घेतलेले तुलनेचे तारे निळसर. तारा खाली असताना हवेचा थर जाड, निळा जास्त गाळला जातो, लाल कमी. तासाभरात दोघांतलं अंतर आपोआप बदलतं, आणि मी त्याला मागच्या ताऱ्याचा बदल समजत होतो. सारख्या रंगाचे पाच तारे निवडले, उतार गेला. विखुरणं ०.०५ वर आलं.

आता ब्लेंडिंग. ठाणेकराला याचा अर्थ समजवायला नको: मिसळ. ओगलच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.२६ विकलेचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आणि लास काम्पानासची हवा स्थिर. आमच्याकडे चांगल्या पहाटेसुद्धा तारा साडेतीन विकलांचा गोळा. आपल्या दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेच्या, मध्याकडच्या गर्दीत त्या एका गोळ्यात शेजारचे दोन-तीन तारे तर्रीत मुरतात. माझ्या मोजमापात तारा ओगलच्या आकड्यापेक्षा बराच उजळ येतो, वरचा उजेड शेजाऱ्यांचा. मी तो मूळ ताऱ्याच्या ०.४ पट धरलाय. हे शेजारी प्रसंगात उजळत नाहीत, म्हणून उंचवटा पातळ होतो. किती, ते पुढे.

११ मे, रविवार

वळीव. उद्या पौर्णिमा. तसंही काही होत नव्हतं.

२६ मे, सोमवार

उद्या अमावास्या. महिनाभर याच आठवड्यावर डोळा ठेवून होतो, तारा आता रात्री सव्वादोनलाच मध्यमंडलावर येतो, तीन-साडेतीन तास मिळाले असते. आणि आज मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी.

इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण सुरू करण्यापूर्वी मला ती कुणी सांगितली नव्हती. दीर्घिकेचा मध्य जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री मध्यमंडलावर येतो. चिलीत, न्यूझीलंडमध्ये, दक्षिण आफ्रिकेत तो भर हंगाम. आपल्याकडे तोच पावसाळा. कोकणपट्टीतून मायक्रोलेन्सिंग करायचं म्हणजे एप्रिल-मेच्या पहाटा, ऑक्टोबरच्या संध्याकाळी, आणि मध्ये छत्री. वांगणीला काळोख्या आकाशाखाली जाऊन बसलात तरी ढग तेच.

दुर्बीण प्लास्टिकमध्ये गुंडाळून पलंगाखाली. ओल शोषायला सिलिका जेलची पाकिटं आत टाकली, दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून परत वापरायची.

८ जून, रविवार

लॅपटॉपचं काम सुरू. ओगलची फाइल उतरवली. साधी मजकुराची फाइल, पाच रकाने: वेळ, ताऱ्याची प्रत, त्रुटी, हवेची स्थिरता, आकाशाचा उजेड. दहा मिनिटांत आलेख पडद्यावर. सपाट रेषा आणि २००५ च्या पावसाळ्यात एक टेकडी. बायको डोकावून म्हणाली, "एवढंच?"

वेळ ज्युलियन दिवसात असते. मी पूर्णांक म्हणजे मध्यरात्र असं धरून तारखा काढल्या. शिखर ३१ जुलैला आलं, जाहीर झालेल्या तारखेशी जुळलं, खूश झालो. (ही चूक महिनाभर लपून राहिली, ६ जुलै बघा.)

१५ जून

एकट्या ताऱ्याच्या भिंगाचं मॉडेल बसवायचं. त्याला तीन आकडे लागतात: शिखराची वेळ, दोन तारे किती जवळून गेले (यू-नॉट), आणि प्रसंगाचा अवधी (टी-ई, दिवसांत). वर शेजाऱ्यांच्या उजेडाचा चौथा. पायथनमध्ये सायपाय या गणिताच्या संचातलं नेहमीचं फिटिंग लावलं.

चारही मोकळे सोडले तर शेजाऱ्यांचा उजेड उणे येतो. म्हणजे शेजारी काळोख पाडतायत! हे आकडे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकाला ओढलं की दुसरा मागून येतो. शेजाऱ्यांना शून्यावर बांधून टाकलं तेव्हा यू-नॉट ०.३६ आणि टी-ई ११ दिवस. जाहीर आकडे ०.३५९ आणि ११.०३. शिखराला उजेड जवळजवळ तिप्पट.

२२ जून

फिट सुबक करायच्या नादात रेषेपासून त्रुटीच्या तिपटीहून लांबचे ठिपके काढून टाकायची ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. दोनदा चालवली. काय सुंदर फिट! काय-स्क्वेअर (रेषा ठिपक्यांवर किती नीट बसली त्याचा आकडा) जिथे असावा तिथे. चहा करून पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

२९ जून

भाची आली होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला दाखवायला काढून टाकलेले ठिपके लाल रंगात परत मांडले, किती कचरा गोळा केला ते दिसावं म्हणून. लाल ठिपके थोडे इकडे, थोडे तिकडे. ती म्हणाली, "मामा, बाकीचे खराब हवेतले आहेत, चौथ्या रकान्यात दिसतंय. हा एकटा का काढला? या रात्री हवा तर छान होती."

तारीख बघितली. १० ऑगस्ट २००५.

ग्रह मी कचऱ्यात टाकला होता. ग्रह शोधायला बसलेल्या माणसाने, ग्रहाची तारीख पाठ असताना.

असं का झालं तेही लिहितो. मी वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षं प्रेशर गेज कॅलिब्रेट करतोय. दहा रीडिंग घ्यायची, एक बाजूला पडलं तर ते काट मारून अकरावं घ्यायचं, हाताला वळणच पडलंय. गेजमध्ये ते बरोबर असतं, गेज परत दाबता येतो. इथे अकरावं रीडिंग नाही.

ती ओळ स्क्रिप्टमधून काढली. आता ठिपका काढायचा तर रकाना चार-पाच बघून, कारण लिहून, हाताने.

६ जुलै, आषाढी

साबुदाण्याची खिचडी आणि वहीवरचं गणित. संगणक बंद.

ग्रहामुळे उंचवटा कधी येतो त्यावरून तो ताऱ्यापासून किती लांब ते थेट निघतं. शिखरानंतर किती दिवसांनी आला तो आकडा टी-ईने भागायचा, त्यातून आणि यू-नॉटवरून पायथागोरसने त्या क्षणी दोन ताऱ्यांतलं अंतर (यू) मिळतं, मग 'एस उणे एक भागिले एस बरोबर यू' एवढं वर्गसमीकरण, एस म्हणजे ग्रहाचं ताऱ्यापासूनचं अंतर. दहावीचं पोरही सोडवेल.

माझं उत्तर जुळेना. दोन तास आकडेमोड तपासली, मग तारखा. ज्युलियन दिवस मध्यरात्री नाही, दुपारी बारा वाजता सुरू होतो, तोही ग्रिनिचच्या. रात्री काम करणाऱ्यांची तारीख मध्येच बदलू नये म्हणून युरोपवाल्यांनी केलेली सोय. आपल्याकडे तो संध्याकाळी साडेपाचला बदलतो, ऐन लोकलच्या गर्दीत. तेव्हा माझ्या सगळ्या वेळा अर्ध्या दिवसाने पुढे होत्या. ओगलच्या फाइलमधल्या वेळा आपापसात वजा केल्या तर हे बाधत नाही, पण मी शिखर फाइलमधून घेतलं आणि उंचवटा लेखातल्या तारखेवरून, तिथे मार खाल्ला. अर्धा दिवस म्हणजे इथे किरकोळ नाही. सगळा उंचवटाच जेमतेम दिवसभराचा.

दुरुस्त केल्यावर दहा दिवस, यू ०.९७, आणि एस १.६०. जाहीर आकडा १.६१. खिचडी गार झाली होती, पण चालतंय.

१३ जुलै

आता वजन. इथे ओगलचा एकटा ठिपका पुरत नाही. उंचवट्याचा चढ चिलीतल्या ला सियाच्या डॅनिश दुर्बिणीने धरला आणि उतार ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ०.६ मीटरच्या दुर्बिणीने. चिलीत उजाडलं की पर्थमध्ये अंधार, म्हणून रेषा तुटली नाही. छापील आलेख मोठा करून ए-थ्री कागदावर काढला (४० रुपये), पट्टी घेऊन ठिपका-ठिपका मोजला. एक रविवार.

माझा आडाखा: उंचवटा जितका रुंद तितका ग्रह जड. अर्धी रुंदी पावणेसात तास, म्हणजे ०.२८ दिवस. भागिले ११.०३, मग वर्ग. ग्रह आणि ताऱ्याच्या वजनांचं गुणोत्तर आलं ०.०००६४. तारा सूर्याच्या ०.२२ पट धरला (तो जाहीर अंदाज) तर ग्रह ४७ पृथ्वींचा. जाहीर साडेपाच.

एवढी चूक पट्टीची नसते.

२० जुलै

सापडलं. रुंदी ग्रहाची नव्हतीच, मागच्या ताऱ्याची होती. मागचा तारा ठिपका नाही, फुगलेला राक्षसी तारा आहे. ग्रहाच्या चिमुकल्या भिंगासमोरून त्याची तबकडी पूर्ण सरकायलाच अर्ध्या दिवसाहून जास्त लागतो. खांबाआडून बस जाताना किती वेळ लागला यावरून बसची लांबी कळते, खांबाची जाडी नाही.

ग्रहाचं वजन मग उंचीत असतं. आलेखावर ग्रह नसता तर रेषा १.३६ वर असती, उंचवट्याचा माथा साधारण १.५८. फरक ०.२२. हा गुणिले तबकडीच्या त्रिज्येचा वर्ग, भागिले दोन. त्रिज्या (आइन्स्टाइन त्रिज्येच्या मापात, म्हणजे दोन तारे बरोबर एका रेषेत आले तर दिसणाऱ्या वलयाच्या त्रिज्येच्या; यू आणि एससुद्धा त्याच मापात) ०.०२५६, ही मी जाहीर लेखातून उसनी घेतलीय. उत्तर ०.००००७२. पृथ्वीच्या ५.३ पट!

पट्टीने मोजलेल्या आलेखावरून ५.३ आलं यावर फार उड्या मारत नाही. तारा ०.२२ सूर्याचा हेही त्यांचंच. माझं स्वतःचं काय, तर एक उंची आणि एक वेळ. संपूर्ण दुहेरी भिंगाचं मॉडेल करायचं असेल त्यांनी म्युलेन्समॉडेल किंवा पायलिमा वापरावं, दोन्ही फुकट. मी ते नंतर चालवलं, रात्रभर पंखा घरघरला आणि आकडे याच्याच आसपास आले. वहीवरून जास्त समजलं.

२६ जुलै, शनिवार

आज तारीख लिहिताना हात थांबला. २००५ च्या २६ जुलैला मी घाटकोपरहून रुळांवरून चालत निघालो होतो, मुलुंडला रात्री एका शाळेच्या वर्गात बाकावर बसून उजाडलं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला.

सहज मॉडेलमध्ये ती तारीख घातली. ओगलने हा प्रसंग ११ जुलैला नोंदवला होता, २६ ला तारा नेहमीच्या १.९ पट उजळलेला. शिखर पाच दिवसांनी. ढगांच्या वर हे चाललं होतं, आणि खाली आम्ही बिस्किटाचा एक पुडा अकरा जणांत वाटत होतो. प्रकल्पाशी याचा संबंध नाही. लिहिल्यावाचून राहवलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

वीस वर्षं पूर्ण. ढग.

मुख्य प्रश्नाचा निकाल आज लावला. मे महिन्यातली माझी मोजमापं घेतली, त्यांच्यात मॉडेलचा उंचवटा मिसळला आणि भाचीला वीस आलेख दिले: दहांत उंचवटा, दहांत नाही, कुठल्यात काय ते तिला माहीत नाही. स्वच्छ हवेत उंचवटा ०.१६ प्रतीचा. शेजाऱ्यांची मिसळ धरली की ०.१३. माझं विखुरणं ०.०५. तिने वीसपैकी सोळा बरोबर ओळखले.

तर सामानाला तो कळला असता, अंधुकसा. पण कधी? माझ्या हिशेबाने माथा आपल्या वेळेने दुपारी तीनच्या सुमारास येऊन गेला. संध्याकाळी आठला ठाण्याहून उताराचा शेवटचा भाग तेवढा मिळाला असता, तोही ऑगस्टमध्ये. म्हणजे नाही. नसता मिळाला.

लहान दुर्बिणीला जागा नाही असं मात्र नाही. त्याच वर्षीच्या ओगल-२००५-बीएलजी-०७१ च्या ग्रहात न्यूझीलंडच्या दोन हौशी निरीक्षकांची मोजमापं आहेत. आणि आपल्यासाठी त्याहून कामाचं: २०१७ च्या ऑक्टोबरअखेर जपानच्या तादाशी कोजिमा या हौशी निरीक्षकाला नोव्हा (अचानक भडकणारे तारे) शोधताना वृषभेत एक तारा उजळताना दिसला. चौदाव्या प्रतीचा तारा साडेअकरापर्यंत चढला. तो मायक्रोलेन्सिंगचा प्रसंग निघाला आणि त्यात नेपच्यूनच्या जवळपासच्या वजनाचा ग्रह. वृषभ, नोव्हेंबर, डोक्यावर, गर्दी नाही, पाऊस नाही. माझ्या गच्चीला याहून सोयीचं काही नाही, फक्त असे प्रसंग फार विरळा. दीर्घिकेच्या मध्याकडेही एका वेळी दहा लाखांत एखादाच तारा असा उजळलेला असतो, वृषभेत तर तारेच कमी.

३१ ऑगस्ट, रविवार

सोसायटीच्या गणपतीत पोरांसाठी मॉडेल. दांड्याच्या काचेच्या ग्लासचा गोल तळ गुरुत्वीय भिंगासारखाच वागतो: मध्ये जाड, कडेला पसरट. दांडा कापायचा. काचवाल्याने पहिले दोन फोडले, तिसऱ्याला पैसे घेतले नाहीत. तीन ग्लास ५४० रुपये.

मागे टॉर्चवर भोक पाडलेला काळा कागद, मध्ये काच, पुढे मोबाइलचा प्रकाशमापक. काच सरकवली की आकडा चढतो आणि उतरतो. बरोबर मध्यातून डोळा लावला तर दिव्याचं वलय दिसतं. पोरांनी रांग लावली. ग्रह म्हणून काचेवर अराल्डाइटचा थेंब दिला, तो आधी मोठा पडला, आलेखात दोन टेकड्या आल्या, जणू जुळे तारे. ब्लेडने खरवडून टाचणीच्या टोकाने परत दिला, तेव्हा कुठे उतारावर एक नख दिसलं.

आइन्स्टाइनने १९३६ मध्ये हे गणित छापलं आणि प्रत्यक्षात दिसण्याची फारशी आशा नाही असंही लिहिलं, हे पोरांना सांगितलं. एकाने विचारलं, "मग छापलं कशाला?" सेक्रेटरीसाहेबांनी तेवढ्यात आरतीला बोलावलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आकाश उघडलं. तारा आता संध्याकाळी नैर्ऋत्येला, अंधार पडतो तेव्हा २५ अंशांवर, घाईने खाली जाणारा. रोज जेमतेम चाळीस मिनिटं. तीन संध्याकाळी मिळाल्या. प्रत मेच्या आकड्याशी ०.०६ मध्ये जुळते. इतक्या खाली तुलनेच्या ताऱ्यांच्या रंगाचा प्रश्न दुपटीने छळतो, पाचापैकी दोन बदलावे लागले.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

अमावास्या जवळ आली आणि फटाक्यांचा धूरही. काल पाच ताऱ्यांपैकी दोनच दिसत होते. आवरलं. आता तारा सूर्याच्या मागे जाईल, परत फेब्रुवारीच्या पहाटे.

खर्च: फिल्टर ६,४००, ग्लास ५४०, गच्चीवर वायर आणि प्लग ८५०, ए-थ्री कागद ४०, वॉचमनदादांचा चहा मोजला नाही. उपयोगी पहाटा पाच, संध्याकाळी तीन.

जाताना तिन्ही खुणांवर नवा रंग दिला. वाळत होता तोवर काकू वर आल्या, फराळाच्या चकल्यांचा डबा हातात. खुणा बघून म्हणाल्या, "एप्रिलात मला आधी सांग हो, मी या वर्षी सांडगेपण घालणार आहे."

पंपाची वेळ खालच्या फळ्यावर अजून ४.५० च आहे. कुणी बदलली नाही.